चांगुणाचा श्रेणीचा विषय

चांगुणा पिंगळेनं वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा तिला गणिताची धास्ती होती आणि इंग्रजीची त्याहून जास्त. खेळ हा विषय आपली झोप उडवेल, असं मात्र तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मखमलाबादला पाटाच्या खालच्या अंगाला पिंगळ्यांची दीड एकर जमीन. त्यात झेंडू, बिजली, थोडी शेवंती आणि बांधाच्या कडेनं मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलं तोडायची, उजाडेपर्यंत कॅरेट भरायची, आणि जीवननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती छोट्या टेम्पोतून नाशिकच्या फूलबाजारात न्यायची. लग्न झालं तेव्हापासून चोवीस वर्षं हेच चाललेलं.

मग मध्येच दहावी कुठून आली? तिनं नवऱ्याला सांगितलं, बचत गटाच्या कामाला दहावी पास बाई लागते. सासूला, कुसाबाईला, सांगितलं की गटातल्या मॅडम मागंच लागल्या, नाही म्हणता आलं नाही. मुलगी तेजल बारावीला होती, तिला सांगितलं, तुझ्या लग्नात पत्रिकेवर नाव घालताना बरं दिसेल. यातलं खरं कोणतं, हे विचारलं असतं तर चांगुणाला सांगता आलं नसतं. तिन्ही थोडी थोडी खरी होती आणि तिन्ही मिळूनही काहीतरी उरतच होतं.

पंचवटीतल्या एका शाळेत दुपारी दोन ते चार बायकांचा वर्ग भरायचा. नऊ जणी होत्या. कुणी घरकाम करणारी, कुणी शिवणकाम, कुणी चांगुणासारखी मळ्यातली. वेळापत्रकात सगळ्यात खाली लिहिलेलं होतं : आरोग्य व शारीरिक शिक्षण, श्रेणी विषय. चांगुणानं शेजारच्या रूपालीला विचारलं, "हे काय असतं गं?"

रूपालीची ही दुसरी खेप होती, त्यामुळं तिला सगळं ठाऊक. ती म्हणाली, "काय नसतं ताई. शेवटी सही करतात आणि ब देऊन टाकतात. मागच्या वर्षी मी त्या सरांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं."

घरी तेजलनंही तेच सांगितलं. "आई, त्यात कुणी नापास होत नाही. तू बीजगणित कर."

चांगुणानं तो विषय मनातून पुसून टाकला. दिवाळीनंतर मात्र शाळेत कंत्राटी तत्त्वावर नव्या क्रीडाशिक्षिका आल्या, सायली मॅडम. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, काटक, केस करकचून बांधलेले, गळ्यात शिट्टी. हरसूलच्या डोंगरातून आलेल्या, लांब पल्ल्याच्या शर्यती पळायच्या, गुडघा गेला म्हणून शिक्षिका झालेल्या. पहिल्याच दिवशी त्या वर्गात आल्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एक-एक वही ठेवली.

रूपाली म्हणाली, "मॅडम, आम्ही बाहेरून बसलोय. आम्हाला हे नसतं."

"असतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गुणपत्रिकेवर माझी सही जाणार. मी न बघता सही करत नाही. जानेवारीत मैदानावर चाचणी होईल. तोवर ही वही रोज भरायची."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. चांगुणाला हसू आलं नाही. तिनं वही उघडली. पहिल्या पानावर नाव, उंची, वजन. दुसऱ्या पानावर रकाने आखलेले : रोज केलेला व्यायाम, मिनिटे. तिसऱ्या पानावर एकच प्रश्न होता : लहानपणी तुम्ही कोणते खेळ खेळलात? खाली पाच ओळी मोकळ्या.

चांगुणानं नाव लिहिलं. वजन शाळेच्या काट्यावर झालं. तिसरं पान आठ दिवस कोरंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी वह्या बघितल्या. चांगुणाच्या दुसऱ्या पानावर रोजच्या रकान्यात "नाही, नाही, नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

"चांगुणाताई, सात दिवसांत एकदासुद्धा व्यायाम केला नाही?"

"नाही मॅडम. कधीच केला नाही."

"मग दिवसभर करता काय?"

चांगुणानं सांगितलं. साडेचारला उठणं, फुलं तोडणं, भरलेली कॅरेट रस्त्यापर्यंत डोक्यावर नेणं, ती बारा-पंधरा तरी असतातच, मग गुरांचं, मग खुरपणी, पाणी धरणं, संध्याकाळी पुन्हा उद्याच्या भाजीच्या जुड्या. सांगताना तिला स्वतःलाच लाज वाटली, की आपण इतका वेळ घालवतो आणि त्यात व्यायामाला दहा मिनिटं काढत नाही.

मॅडमनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं : व्यायाम म्हणजे शरीराची क्षमता वाढवण्यासाठी ठरवून, पद्धतशीर आणि नियमित केलेली हालचाल. "तुम्ही करता ते श्रम. दोन्हीत शरीर हलतं, पण हेतू वेगळा. श्रमात कामाकडं लक्ष असतं, व्यायामात शरीराकडं."

चांगुणानं ते वहीत उतरवून घेतलं. उतरवताना कळल्यासारखं वाटलं. बसमध्ये बसल्यावर कळेनासं झालं. म्हणजे वाकणं तेच, कंबर तीच, पण मनात फूल असेल तर श्रम आणि मनात कंबर असेल तर व्यायाम? मग मनातलं मॅडमना कसं कळणार? आणि मिनिटं कशी मोजायची?

दुसऱ्या दिवशी पहाटे झेंडूच्या सरीत तिनं करून बघितलं. दहा झाडं तिनं नेहमीसारखी तोडली. पुढची दहा झाडं तोडताना मनात म्हणाली, ही व्यायामासाठी. पाठीकडं लक्ष दिलं, गुडघ्याकडं दिलं, श्वासाकडं दिलं. फुलं दोन्ही वेळा सारखीच निघाली. फरक एवढाच की व्यायामाच्या दहा झाडांवर तीन-चार फुलं राहून गेली.

मागच्या सरीतून येणाऱ्या कुसाबाईच्या नजरेतून ती सुटली नाहीत. "काय गं, फुलं सोडत चाललीस. आणि ओठात काय पुटपुटतीस?"

"वाकणं मोजते, आत्याबाई."

"वाकणं मोजायचं असतं व्हय?" कुसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग माझं साठ वर्षांचं कोण मोजणार? त्या मॅडमला इचार, मागचं धरतात का."

संध्याकाळी तिनं दुसऱ्या पानावर "१० मिनिटे" लिहिलं, मग खोडलं, मग "बहुतेक १० मिनिटे" असं लिहिलं.

डिसेंबरात नाडीचा पाठ झाला. अंगठ्यानं नाही, दोन बोटांनी मनगटाशी हलकं दाबायचं, अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. सगळ्या जणी गप्प बसून आपापलं मनगट धरून बसल्या, जणू कुणी बांगड्या भरायला आलंय. रूपालीचे ब्याऐंशी आले. कुणाचे अठ्ठ्याहत्तर, कुणाचे नव्वद. चांगुणाचे चोपन्न.

"पुन्हा मोजा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा चोपन्न. मॅडम स्वतः आल्या, तिच्या मनगटाला बोटं लावली आणि घड्याळाकडं बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"चक्कर येते का कधी? डोळ्यांपुढं अंधारी?"

"नाही."

"चढ चढताना दम लागतो?"

"चढ कुठला मॅडम, सपाटच रान आहे."

मॅडम हसल्या. "मी पळायचे तेव्हा माझेसुद्धा इतकेच असायचे. दहा-दहा किलोमीटर पळून हे कमवावं लागतं. तुम्ही कधी पळालात?"

"नाही."

"तरी एकदा आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. माझ्या समाधानासाठी."

त्या शेवटच्या वाक्यानं घोटाळा केला. चांगली गोष्ट असेल तर डॉक्टरला कशाला दाखवायची? रात्री जेवताना तिनं जीवनला सांगितलं. तो घास तोंडात धरूनच म्हणाला, "कमी हायेत म्हंजे? दुसऱ्यांचे ऐंशी आन् तुझे चोपन? बाकीचे कुठं गेले?"

"मॅडम म्हणतात, पळणाऱ्यांचे असे असतात."

"पण तू पळत नाय ना."

"तेच तर."

जीवननं स्वतःची नाडी मोजायला लावली. त्याचे अठ्ठ्याऐंशी आले. त्यावरून आपण बायकोपेक्षा पुढं आहोत की मागं, याचा त्याला अंदाज लागेना, म्हणून तो हात धुवायला उठला.

आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, बघितली, म्हणाल्या, "हृदय उत्तम आहे. काय काम करता?"

"फुलं तोडते."

"छान," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गोळी नाही, टॉनिक नाही, पथ्य नाही. चांगुणा बाहेर बाकावर येऊन बसली. इतक्या लांब येऊन रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे आपल्याला नीट तपासलंच नाही, असं तिला एकीकडून वाटत होतं. दुसरीकडून असंही वाटत होतं की आपल्याजवळ काहीतरी आहे, जे कमवावं लागतं, आणि ते आपण कधी कमवलं हे आपल्यालाच माहीत नाही. घरी येऊन तिनं पट्टीचा कागद देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, रेशन कार्डाशेजारी ठेवला.

आता राहिलं तिसरं पान.

त्यावर लिहिण्याजोगं तिच्याकडं काहीच नव्हतं. तिचं माहेर निफाडच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यांत. वडील दुसऱ्यांच्या बागांत कामाला, आई चिमणाबाईसुद्धा. चांगुणा नववीपर्यंत शाळेत गेली. शाळेत पीटीचा तास होता, तो तिला चांगला आठवत होता. शिट्टी वाजायची, मुलगे कबड्डीला पळायचे आणि गुरुजी मुलींना रांगेत उभं करून मैदानातले दगड वेचायला लावायचे. ओंजळीत दगड घेऊन कुंपणाशी टाकायचे, पुन्हा यायचं. पुढच्या आठवड्यात दगड पुन्हा असायचेच. ते कुठून यायचे, हे तेव्हाही कळलं नव्हतं.

"खेळ नाही, असं लिहू का?" तिनं मॅडमना विचारलं.

"असं कसं? कुठलंच मूल न खेळता मोठं होत नाही. घरच्यांना विचारा."

म्हणून तिनं रविवारी भावाला फोन लावला. वाल्मीक तिच्याहून तीन वर्षांनी लहान, आता निफाडलाच ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. प्रश्न ऐकून तो मोठ्यानं हसला.

"आक्के, तू खेळली नाय? अगं, लंगडीत तुला कोण धरू शकत नव्हतं! मारुतीच्या पारापुढं आखायचो आपण. तुझ्यावर राज्य आलं की पोरं पळायच्या आधीच बाद व्हायची. एका दमात आठ-आठ पोरं धरायचीस."

चांगुणा फोन कानाला धरून उभी राहिली. पार तिला आठवत होता. पारावरचं लिंबाचं झाड आठवत होतं. त्यापुढं आखलेला चौकोन आणि त्यात एका पायावर उड्या मारणारी चांगुणा मात्र कुठंच दिसेना.

"मीच होते का रे? दुसरी कुणी नसंल?"

"आता माझ्या बहिणीला मी ओळखणार नाय? थांब, आईला देतो."

चिमणाबाईनं फोन घेतला. तिचंही म्हणणं तितकंच ठाम होतं. "काय बी सांगतो हा. चांगुणाला मी कवा खेळाया सोडली? बागेतनं घरी येस्तोवर हाच तिच्या काखोटीला असायचा. काखेत पोर घिऊन कुणी लंगडी घालतं का?"

मागून वाल्मीकचा आवाज आला, "आये, मला खाली ठिवून खेळायची ती!"

"खाली ठिवलं असतं तर तू रडून गाव गोळा केलं असतं!"

दोघं तिकडं भांडायला लागले आणि फोन तसाच चालू राहिला. चांगुणानं बराच वेळ ऐकलं आणि शेवटी बंद केला. एकजण म्हणतो आठ पोरं धरायची, दुसरी म्हणते कधी सोडलंच नाही, आणि जिचं बालपण तिला फक्त दगड आठवतात. ज्या गोष्टीचा आनंद झाला असेल ती अशी पार धुऊन जाईल का? आणि झालीच नसेल तर भावाच्या डोळ्यांपुढं इतकी लख्ख कशी?

दोन-तीन दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. कोथिंबिरीच्या जुड्या कमी-जास्त बांधल्या गेल्या. गोठ्यामागं कुणी नाही असं बघून तिनं एकदा एक पाय उचलला आणि उभी राहिली, काही येतंय का ते बघायला. काही आलं नाही. म्हैस मात्र तिच्याकडं बघत राहिली.

वह्या जमा करायच्या दिवशी तिनं मॅडमना सगळी हकिगत सांगितली. मॅडम म्हणाल्या, "मग लंगडी लिहा ना."

"खरं नसलं तर?"

"मग दगड वेचणं लिहा."

"तो खेळ आहे का मॅडम?"

मॅडमनी वही तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला पटेल ते लिहा. मी चूक धरणार नाही."

चांगुणानं पेन घेतलं आणि लिहिलं : लंगडी (भावाच्या म्हणण्याप्रमाणे).

चाचणी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ठरली. मॅडमनी बजावलं होतं, साडी नको, पंजाबी ड्रेस घालून या. चांगुणानं लग्नानंतर पंजाबी ड्रेस घातला नव्हता. तेजलचा एक निळा ड्रेस तिला खांद्यात घट्ट होत होता, बाकी बसत होता. तो घालून ती ओसरीवर आली तेव्हा कुसाबाई लसूण सोलत बसली होती. चांगुणा दारातच थबकली.

कुसाबाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पळायचं हाय म्हणतेस ना?"

"हो, आत्याबाई."

"मग ओढणी कशाला? पायात येईल ती. ठिव हितं." आणि तिनं हात पुढं केला. चांगुणानं ओढणी तिच्या हातात दिली खरी, पण फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि घेऊन गेली.

मैदानावर नऊपैकी आठ जणी आल्या. आधी वाकून बोटं जमिनीला लावायची होती. चांगुणाचे तळवे पूर्ण टेकले, तेही कोपर वाकवून. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं. हे सोपं असेल असं तिला वाटलं. डोक्यावर कॅरेट घेऊन निसरड्या बांधावरून ती रोज चालायची, कधी पाय घसरला नव्हता. पण डोळे मिटले आणि तिसऱ्या सेकंदाला तोल गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. रूपाली, जिला चार पावलं चालली तरी धाप लागायची, ती वीस सेकंद खांबासारखी उभी राहिली.

"असं कसं मॅडम?" चांगुणानं विचारलं.

"डोक्यावर वजन घेऊन करून बघा," मॅडम गमतीनं म्हणाल्या. चांगुणाला ती गंमत आहे हे कळलं नाही. तिनं बाकावरचं आपलं दप्तर डोक्यावर ठेवलं, डोळे मिटले आणि पाय उचलला. या वेळी ती पडली नाही. सगळ्या जणी मोजायला लागल्या. चाळीसला मॅडमनी थांबवलं आणि म्हणाल्या, "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

पळण्यात ती मधली आली. ना पहिली, ना शेवटची. त्याचंही तिला नवल वाटलं. नाडीवरून तिनं मनातल्या मनात स्वतःला पहिलं धरलं होतं.

शेवटी मॅडमनी फक्की मारून चौकोन आखला. लंगडी. एकेकीनं आत उतरून बाकीच्यांना धरायचं. चांगुणाची पाळी चौथी होती. तोवर तिनं प्रत्येकीचे पाय बघून घेतले. कुणी डावा उचलत होती, कुणी उजवा. मग ती चौकोनाच्या कोपऱ्यात आली, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, आणि तिचा डावा पाय वर गेला. विचार न करता गेला. हे आठवणं होतं की सगळ्यांचंच असं होतं, हे ठरवायला तिथं वेळ नव्हता. शिट्टी वाजली होती.

पहिल्या दोन उड्या वेड्यावाकड्या पडल्या. तिसरी नीट पडली. समोरची शिवणकामवाली किंचाळून बाजूला झाली, चांगुणानं अंग वळवलं आणि तिच्या पाठीला हात लावला. बाद. मग तिनं रूपालीला कोपऱ्यात गाठलं. रूपाली डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली, "ताई नको, ताई नको" म्हणाली आणि बाद झाली. बाहेरच्या बायका ओरडत होत्या. शाळेतली मुलं खिडक्यांत येऊन उभी राहिली होती. तिसरीच्या मागं जाताना चांगुणानं मोठी उडी घेतली, टाच सरकली आणि ती धाडकन गुडघ्यावर पडली.

सगळ्या हसल्या. तीही हसली, जमिनीवर बसून, धुळीचे हात वर करून, पोट धरून हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. थांबेचना. मॅडम पाण्याची बाटली घेऊन पळत आल्या.

"लागलं का फार?" रूपालीनं विचारलं. "गुडघा दुखतोय का?"

"हो," चांगुणा म्हणाली, कारण ते सांगायला सोपं होतं. गुडघा थोडा खरचटला होता, एवढंच. इतकं लागल्यावर तिनं आयुष्यात कधी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मेमध्ये निकाल लागला. तेजलनं मोबाईलवर बघून वाचून दाखवला. बाकी सगळे विषय सुटले होते, फक्त गणित सहा गुणांनी राहिलं होतं. आणि खाली : आरोग्य व शारीरिक शिक्षण, श्रेणी अ.

"अ!" चांगुणा म्हणाली. "मग तो गणितात धरता येत नाही?"

"नाही आई. तो टक्क्यांत येतच नाही. नुसता असतो."

"नुसता म्हणजे?"

तेजलनं जरा विचार केला. "नुसता म्हणजे नुसता."

जुलैत तिनं गणित पुन्हा दिलं आणि सोडवलं. गटाच्या कामासाठी तिचं नाव गेलं. आठवड्यातून दोन दिवस ती गावातल्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून द्यायला बसू लागली. कुसाबाई आल्या-गेल्याला सांगायची, आमची सून दहावी झाली. चांगुणाला हे सगळं आवडत होतं. मात्र त्या दिवशी मैदानावर काय झालं, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. कुणाला विचारावं तर विचारण्यासारखा माणूस एकच होता, आणि सायली मॅडमचं कंत्राट जूनमध्येच संपलं होतं. त्या ओझरला एका शाळेत लागल्याचं रूपालीकडून कळलं.

दसरा-दिवाळीच्या फुलांची घाई उरकली तशी एका दुपारी चांगुणा मेथीच्या चार जुड्या पिशवीत घालून ओझरच्या बसमध्ये बसली. शाळा शोधायला वेळ लागला नाही. मॅडम मैदानावर एकट्याच होत्या, उन्हात, फक्कीची बादली आणि लांब टेप घेऊन. दोन दिवसांनी शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. चांगुणाला बघून त्यांनी बादली खाली ठेवली.

"चांगुणाताई! इकडं कुठं?"

इकडचं तिकडचं झालं. गणित सुटल्याचं सांगून झालं, मेथी देऊन झाली. मग चांगुणा म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या दिवशी लंगडीत मला रडू आलं. लागलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

"मला माहीत आहे."

"मग का आलं? पुस्तकात काही आहे का त्याचं? मी तेजलचंपण पुस्तक बघितलं. त्यात स्नायूंचं आहे, हाडांचं आहे, आहाराचं आहे. ह्याचं नाही."

मॅडमनी हातातली फक्की झटकली. विमानाच्या कारखान्याच्या बाजूनं एक विमान घरघरत वर चढलं, ते दिसेनासं होईपर्यंत त्या तिकडं बघत होत्या. "मी शेवटची शर्यत पळाले तेव्हा तिसरी आले," त्या म्हणाल्या. "गुडघा फाटला होता, तरी रडले नाही. सहा महिन्यांनी गावी गेले, तिथं पोरी लगोरी खेळत होत्या, मला बोलावलं. एक दगड पाडला आणि हमसून हमसून रडले. का, ते मलाही कळलं नाही. तुम्हाला काय सांगू?"

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

चांगुणाला खरं तर उत्तर हवं होतं. तरी हे ऐकून ती जराशी सैल झाली. शिकलेल्या माणसालाही ठाऊक नाही म्हटल्यावर आपण अडाणी म्हणून अडलो असं तर नाही. पण मग कुणाला ठाऊक असेल?

"बस किती वाजता आहे?" मॅडमनी विचारलं.

"पाचची आहे. पहाटे शेवंती तोडायची आहे."

"अजून तास आहे. हे टोक धरा जरा. एकटीनं रेष सरळ येत नाही."

चांगुणानं चपला बाजूला काढल्या आणि टेपचं टोक घेऊन खुंटीपाशी उकिडवी बसली. मॅडम टेप उलगडत लांब लांब गेल्या.

"ताणून धरा, ताई! डावीकडं घ्या थोडं!"

"कुणाची डावी? तुमची की माझी?"

"तुमची!"

चांगुणा सरकली. मॅडम फक्की टाकत हळूहळू तिच्याकडं यायला लागल्या. चौकोनाची एक बाजू झाली, मग दुसरी. चौथी बाजू आखून होईपर्यंत पावणेपाच झाले. चांगुणानं हात धुतले, चपला घातल्या आणि बस चुकू नये म्हणून मैदान तिरकं ओलांडून झपाझप निघाली.